एक पत्ता, अनेक संगणक

शाळेच्या संगणक कक्षातल्या कोणत्याही संगणकाचा आयपी पत्ता उघडून पाहा. विंडोज असेल तर काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' एवढा आदेश दिला की तो समोर येतो. चार आकडे, मध्ये टिंबे. बहुतेक शाळांत तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल. आता शेजारच्या गावातल्या शाळेला विचारा. तिथेही तेच. नाशिकच्या बँकेत, टोकियोच्या एखाद्या घरात, जिथे राउटर आहे तिथे हेच आकडे पुन्हापुन्हा भेटतात.

एखादा चौकस विद्यार्थी इथे आपल्याला अडवणार. पत्ता म्हणजे जगात एकच असायला हवा ना? मग एकाच पत्त्याचे लाखो संगणक असताना, मी मागवलेले पान नेमके माझ्याच पडद्यावर कसे येते?

याचे उत्तर राउटरच्या एका युक्तीत आहे. तिचे नाव 'नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन', म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. तंत्रज्ञ तिला थोडक्यात 'नॅट' म्हणतात. ही युक्ती मांडणाऱ्यांनीच ती थोड्या दिवसांची सोय असल्याचे लिहून ठेवले होते. त्या सोयीला आता तीस वर्षे उलटून गेली आहेत.

पत्ते संपले कसे?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांवर १९६९ साली अर्पानेट हे जाळे सुरू झाले, तेव्हा संगणकाच्या पत्त्याला फक्त ८ बिट होते. त्यातले ६ बिट जोडयंत्रासाठी आणि २ बिट त्याला जोडलेल्या संगणकासाठी. म्हणजे ६४ जोडयंत्रे आणि प्रत्येकाला ४ संगणक. खोलीभर आकाराच्या संगणकांच्या त्या काळात हे पुरेसे वाटले यात नवल नाही.

पुढे वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा पत्ता किती लांब असावा यावर बरीच चर्चा झाली. ३२ बिट, १२८ बिट, किंवा हवी तेवढी लांबी, असे पर्याय पुढे होते. या कामाची सूत्रे व्हिंट सर्फ यांच्याकडे होती. चर्चा संपेना, तेव्हा १९७७ साली त्यांनी ३२ बिटांचा निर्णय देऊन टाकला. हा एक प्रयोग आहे आणि प्रयोगाला एवढे पुरे, असा त्यांचा हिशेब होता. प्रयोग संपलाच नाही, हे त्यांनी नंतर अनेक व्याख्यानांत हसत सांगितले आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये या नियमावलीची आवृत्ती ४ प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी सगळे अर्पानेट तिच्यावर आले.

३२ बिट म्हणजे २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचार अब्जांहून थोडे जास्त. आकडा लहान नाही. वाटपाची पद्धत मात्र उधळी होती. संस्थांना पत्ते तीन मापांत मिळत. 'अ' वर्गाचे माप १,६७,७७,२१६ पत्त्यांचे, 'ब' वर्गाचे ६५,५३६ चे आणि 'क' वर्गाचे २५६ चे. आता ३०० संगणक असलेल्या महाविद्यालयाने काय करावे? 'क' वर्ग अपुरा, म्हणून 'ब' वर्ग मागायचा. ३०० वापरायचे आणि पासष्ट हजारांवर पडून. अमेरिकेतल्या एमआयटीकडे (पुण्याची नव्हे, मॅसॅच्युसेट्सची) एक अख्खा 'अ' वर्ग होता. २०१७ साली त्या संस्थेने हिशेब केला, तेव्हा जवळजवळ १ कोटी ६० लाखांपैकी १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेच नव्हते असे निघाले. त्यातले बरेचसे तिने विकले.

ऑगस्ट १९९० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींची बैठक झाली. तिथे फ्रँक सोलेन्स्की यांनी वाढीचा आलेख मांडला. 'ब' वर्गाचे पत्ते याच वेगाने जात राहिले तर मार्च १९९४ पर्यंत संपतील, असे तो आलेख सांगत होता. हातात साडेतीन वर्षे होती.

तीन उपाय पुढे आले. पहिला, ठरावीक मापे मोडून गरजेपुरते पत्ते देणे; तो १९९३ साली अमलात आला. दुसरा, लांब पत्त्यांची नवी नियमावली तयार करणे. त्याला वेळ लागणार होता. तोवर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिसरा उपाय.

तिसरा उपाय

पॉल फ्रान्सिस आणि टोनी एंग यांनी जानेवारी १९९३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पत्ते पुन्हापुन्हा वापरले तर इंटरनेट आणखी किती ताणता येईल, असा त्याचा विषय होता. मे १९९४ मध्ये डेन्मार्कमधील केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मिळून आरएफसी १६३१ हे टिपण काढले. (आरएफसी म्हणजे मते मागवण्यासाठी काढलेले क्रमांकित टिपण. इंटरनेटचे बहुतेक नियम अशा टिपणांतूनच घडले आहेत.)

त्यांचा मुद्दा साधा होता. एखाद्या संस्थेतले सगळे संगणक एकाच वेळी बाहेरच्या जगाशी बोलत नाहीत. मग प्रत्येकाला जगात एकमेव असा पत्ता कशाला? आत कोणतेही पत्ते वापरा आणि बाहेर पडताना दारावर ते बदला. हे करायला आतल्या संगणकांत किंवा बाहेरच्या जगात काहीच बदलावे लागत नव्हते; फक्त दारावरचे यंत्र बदलायचे. नॅट इतके झपाट्याने पसरले ते मला वाटते याच गुणामुळे. ज्या सुधारणेसाठी सगळ्या जगाची संमती लागते ती रेंगाळते.

याच टिपणात लेखकांनी आपल्या उपायाचे दोषही लिहिले आहेत. लांब पल्ल्याचा उपाय म्हणून तो योग्य नाही, कदाचित थोड्या काळासाठीही योग्य ठरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. स्वतःच्या शोधाबद्दल असे लिहिणारे कमीच.

जावक नोंदवही

आता युक्ती प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. त्यासाठी शाळेच्या कार्यालयात जाऊ.

शाळेतून अनेक शिक्षक बाहेर पत्रे पाठवतात, पण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता एकच, शाळेचा. लिपिक प्रत्येक पत्राला जावक क्रमांक देतात आणि नोंदवहीत लिहितात : जा. क्र. ४१७, विज्ञानाच्या बाईंचे पत्र, अमुक कार्यालयास. पंधरा दिवसांनी उत्तर येते. वर लिहिलेले असते, 'संदर्भ : आपले पत्र जा. क्र. ४१७'. लिपिक वही उघडतात, ४१७ कोणाचे ते पाहतात आणि शिपाई पत्र बाईंच्या हातात देतो. उत्तर देणाऱ्या कार्यालयाला बाईंचे नावही ठाऊक असण्याची गरज नाही.

राउटर अगदी हेच करतो. इंटरनेटवर माहिती लहान पाकिटांत जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि त्याखेरीज दोघांचा एकेक 'पोर्ट' क्रमांक. हा क्रमांक नॅटसाठी शोधलेला नव्हता. एकाच संगणकावर अनेक कामे चालू असतात; आलेले पाकीट कोणत्या कामाचे ते ओळखण्यासाठी तो आधीपासूनच होता. तो १६ बिटांचा असल्यामुळे ० ते ६५,५३५ पर्यंत जातो. नॅटने त्यालाच जावक क्रमांक बनवले.

समजा, संगणक कक्षातल्या १९२.१६८.१.२३ या संगणकाने पोर्ट ५०३१२ वरून एक पान मागवले. शाळेच्या राउटरला बाहेरचा एकच पत्ता मिळाला आहे, २०३.०.११३.७. (हा पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, त्यामुळे कोणाच्या दारावर आपली पाकिटे जाणार नाहीत.) राउटर पाकीट थांबवतो. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता आणि पोर्ट ६१००१ लिहितो, वहीत नोंद करतो आणि पाकीट सोडतो. त्याच क्षणी शेजारच्या १९२.१६८.१.२४ ने योगायोगाने त्याच ५०३१२ पोर्टवरून काही मागवले, तर त्याला ६१००२ मिळतो. उत्तरे २०३.०.११३.७ वर येतात. ६१००१ चे पहिल्याला, ६१००२ चे दुसऱ्याला. बाहेरच्या जगाला सगळी शाळा म्हणजे एकच, भारी उद्योगी संगणक वाटते.

आरएफसी १६३१ मध्ये भर पत्ते बदलण्यावर होता. पोर्टही बदलून एका पत्त्यामागे अनेकांना बसवण्याची रीत थोड्याच दिवसांत वापरात आली. लिनक्सवर तिला 'मास्करेडिंग' म्हणजे मुखवटा चढवणे म्हणत. १९९९ च्या एका आरएफसीत तिला रीतसर नाव मिळाले.

वहीतली नोंद किती काळ ठेवायची, हाही प्रश्नच. लवकर खोडली तर चालू संभाषण तुटते; ठेवूनच दिली तर वही भरते. सतत चालणाऱ्या टीसीपी जोडणीसाठी २००८ साली असा नियम झाला की ती गप्प असली तरी २ तास ४ मिनिटांच्या आत नोंद खोडू नये. ही ४ मिनिटे कुठून आली? अनेक संगणक गप्प जोडणीवर दर २ तासांनी 'आहात ना?' अशी चौकशी करतात. ती चौकशी यायला थोडी सवड हवी, म्हणून.

बेरीज आणि स्वल्पविराम

इथवर सारे सोपे वाटते. खरी कसरत पुढे आहे आणि गणिताच्या शिक्षकांना ती आवडेल.

पाकीट वाटेत बिघडले तर कळावे म्हणून त्यावर सगळ्या आकड्यांची एक प्रकारची बेरीज लिहिलेली असते. राउटरने पत्ता बदलला की बेरीज चुकते आणि घेणारा पाकीट फेकून देतो. म्हणून बेरीजही सुधारायला हवी. शिवाय टीसीपीच्या आतल्या बेरजेतही दोन्ही पत्ते धरलेले असतात, म्हणजे वरचे वेष्टन बदलून भागत नाही, आतही हात घालावा लागतो. पण सगळी बेरीज पुन्हा मांडायची गरज नाही. वाण्याच्या बिलात एकच रक्कम बदलली तर आपण जुनी वजा करून नवी मिळवतो, तेवढेच. आरएफसी १६३१ मध्ये या वजाबाकी-बेरजेचा छोटा प्रोग्रामच छापला आहे.

याहून अवघड दुखणे फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचे, एफटीपीचे. तीत संगणक आपला पत्ता पाकिटावरच नव्हे, तर पत्राच्या मजकुरातही लिहितो, तोही अक्षरांत, स्वल्पविराम घालून : १९२,१६८,१,२३,१९६,२२४. शेवटचे दोन आकडे पोर्टचे. १९६ ला २५६ ने गुणा, २२४ मिळवा, ५०४०० येतात. हा आतला पत्ता बाहेरच्याला निरुपयोगी. म्हणून राउटरने मजकूर वाचून तोही बदलायचा : २०३,०,११३,७,२३८,७५. अक्षरे मोजा. स्वल्पविराम धरून आधी २० होती, आता १८ झाली. टीसीपी तर प्रत्येक अक्षराचा अनुक्रमांक ठेवतो. दोन अक्षरे कमी झाली म्हणून पुढच्या सगळ्या संभाषणात राउटरने अनुक्रमांक दोनाने मागेपुढे करत राहायचे! हे म्हणजे लिपिकाने पत्र फोडून आतला मजकूर सुधारण्यासारखे आहे. मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक भाषेत असेल तर तेही जमत नाही.

विरोधकाची सही

आत कोणते पत्ते वापरायचे, यावर मार्च १९९४ मध्ये एक टिपण निघाले. तीन गट खासगी वापरासाठी मोकळे ठेवा, असे त्यात सुचवले होते. १० ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६. आणि १९२.१६८ चे ६५,५३६. यातला १० हा आकडा कोणाचा होता माहीत आहे? खुद्द अर्पानेटचा. ते जाळे १९९० साली बंद झाले आणि त्याचा क्रमांक मोकळा पडला होता. सगळ्या जाळ्यांच्या आजोबांची खोली अशी पाहुण्यांना मिळाली.

जुलै १९९४ मध्ये चार अभियंत्यांनी या सूचनेविरुद्ध आरएफसी १६२७ काढले आणि १० क्रमांकाचा असा वापर घातक असल्याचे शीर्षकातच सांगितले. पत्ता एकमेव असण्यावर सगळी रचना उभी आहे; उद्या दोन कंपन्या एक झाल्या आणि दोघींकडे तेच पत्ते असले तर काय, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. असे गोंधळ पुढे खरोखर झाले. पण फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचा नियम आरएफसी १९१८ म्हणून पक्का झाला, आणि त्याच्या लेखकांत विरोधी टिपणाच्या लेखकांपैकी एक, एलियट लियर, यांचेही नाव आहे. जे घडणारच आहे त्याचे नियम तरी नीट असावेत, असा विचार त्यामागे असावा.

दरम्यान अमेरिकेत जॉन मेयस आणि ब्रँटली कॉइल यांनी १९९४ साली नॅटचे काम करणारे 'पिक्स' हे यंत्र बनवले. कल्पना टेलिफोनवरून घेतलेली. कार्यालयात बाहेरचा क्रमांक एक आणि आत एक्स्टेंशने अनेक, तसेच संगणकांचे. १९९५ साली सिस्को कंपनीने त्यांची कंपनीच विकत घेतली.

आपल्याकडे

भारतात अर्नेट या प्रकल्पाद्वारे १९८६ पासून शिक्षणसंस्था जोडायला सुरुवात झाली होती. मुंबईतील आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात पहिल्यापासून होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यात घरच्या संगणकाला इंटरनेटचा पत्ताच नसे. तो फोनवरून निगमाच्या संगणकाचा नुसता पडदा बनायचा.

नंतर गल्लोगल्ली सायबर कॅफे आले. एक फोनची तार आणि सहा-आठ संगणक. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक जोडणी सर्वांत वाटून घेण्याची सोय होती. ती म्हणजे नॅटच. मालकाच्या संगणकाला ती १९२.१६८.०.१ हा पत्ता देई. प्रत्येक संगणकासाठी वेगळा पत्ता आणि वेगळी जोडणी घ्यावी लागती, तर असे कॅफे चाललेच नसते. शाळांचे संगणक कक्षही नाहीत. नॅटवर टीका करताना हे विसरू नये असे मला वाटते. पत्त्यांच्या वाटपाला उशिरा पोहोचलेल्या देशांना लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे पत्ते मिळाले. नॅटमुळेच त्यांना दारातून आत येता आले.

पण दार एकाच बाजूने उघडते. जावक क्रमांक नसलेले पत्र शाळेत आले, तर लिपिक ते कोणाला देणार? राउटर अशी पाकिटे टाकून देतो. मुळात इंटरनेटवर प्रत्येक संगणक विचारणाराही होता आणि उत्तर देणाराही. नॅटच्या मागे बसलेला संगणक फक्त विचारू शकतो. तुमच्या विद्यार्थिनीने शाळेतल्या संगणकावर हवामानाच्या नोंदींचे पान तयार केले आणि ते दुसऱ्या गावातल्या शाळेला थेट पाहू द्यायचे ठरवले, तर राउटरमध्ये खास नोंद केल्याशिवाय ते जमत नाही. मग पान कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या संगणकावर ठेवायचे. दोन मित्रांना फोनवर बोलायचे तरी मध्यस्थ हवा. २००३ मध्ये आलेल्या स्काइपने हे काम, खुले पत्ते असलेल्या इतर ग्राहकांच्या संगणकांकडून करून घेतले होते. अनोळखी पाकिटे अडतात म्हणून नॅटला सुरक्षेचे साधन मानणारे पुष्कळ आहेत. तो फायदा खरा आहे, पण आपसूक मिळालेला. युक्ती त्यासाठी काढली नव्हती.

वहीमागे वही

लांब पत्त्यांची नवी नियमावली, आवृत्ती ६, डिसेंबर १९९५ मध्येच तयार झाली. पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्ते ३४ वर ३७ शून्ये इतके. पण नॅटने निकड घालवली होती. पाऊस थांबेपर्यंत घातलेले ताडपत्रीचे छप्पर गळत नाही म्हटल्यावर पक्क्या कौलांचा खर्च कोण करतो? फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गट वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा अखेरच्या राखीव गटावर आला.

तरीही एकदम बदल झाला नाही. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नॅटच्या मागे आणखी एक नॅट लावले. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून ४१,९४,३०४ पत्ते राखून ठेवले गेले. आता घरचा राउटर एक वही ठेवतो आणि कंपनीचा राउटर दुसरी. वर्गात हिशेब करून पाहा : ६५,५३६ पोर्टांपैकी पहिले १,०२४ ठरलेल्या कामांसाठी सोडले तर ६४,५१२ उरतात. एका पत्त्यामागे ६४ घरे बसवली तर प्रत्येकाला १,००८ मिळतात. एखादे सजवलेले पान उघडतानाच डझनावारी जोडण्या होतात, तेव्हा हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही. आणि एका पत्त्यावरून कोणी गुन्हा केला तर ६४ घरांपैकी कोणते? पोलिसांना पत्त्याबरोबर पोर्ट आणि नेमकी वेळही लागते. पत्ता सामायिक असण्याचा फटका २००७ च्या पहिल्या दिवशी कतारला बसला. त्या देशाची सारी वाहतूक एका मध्यस्थ संगणकाच्या पत्त्यावरून येत असे. कोणाच्या तरी खोडसाळपणामुळे विकिपीडियाने तो पत्ता अडवला, आणि त्या देशातून निनावीपणे लेखांत बदल करणे काही तास बंद झाले.

भारतात आवृत्ती ६ चा प्रसार झाला तो मुख्यतः मोबाइलमुळे, २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर. आज इथल्या अर्ध्याहून बऱ्याच अधिक ग्राहकांच्या उपकरणांना नवा लांब पत्ता मिळतो. जुन्याच पत्त्यावर असलेल्या संकेतस्थळांकडे जाताना मात्र त्यांनाही वाटेत कुठेतरी अदलाबदल करून घ्यावी लागते. नव्या पत्त्यांच्या घरगुती राउटरात पत्ते बदलण्याची वही नसते. पण आतून कोणी न विचारता आलेली पाकिटे बहुतेक राउटर अजूनही दारातूनच परत पाठवतात. ती आत सोडायची असतील तर परवानगी आपण स्वतः राउटरमध्ये नोंदवावी लागते.